आजारपण कागदावर उतरवताना: आधी नोंद, मग खूण, रंग सगळ्यात शेवटी

आजारपणावर चित्र काढायला बसलेल्या माणसाचा पहिला कागद बहुतेक वेळा ठरलेला असतो. काळी पार्श्वभूमी, मधे तडकलेलं हृदय नाहीतर गुडघ्यात डोकं घालून बसलेली आकृती, आणि घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून कोपऱ्यात उगवता सूर्य. मीही हेच केलं होतं. संधिवाताचं निदान झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मोठा कॅनव्हास आणला, लाल-काळा रंग फासला आणि रंगवलेल्या बोटांभोवती काटेरी तार गुंडाळली. घरात सगळ्यांनी "छान झालंय" म्हटलं. महिन्याभरानं पुन्हा पाहिलं तेव्हा कळलं, की हे चित्र संधिवाताचं, अर्धशिशीचं, प्रेमभंगाचं, कशाचंही म्हणून खपलं असतं. सकाळी साडेसहाला माझ्या बोटांचं जे होतं त्याचा त्यात पत्ताच नव्हता.

गडबड क्रमात होती. अर्थ आधी ठरवला, मग रंग लावला, आणि प्रत्यक्ष अनुभवाला जागाच उरली नाही. खाली तोच क्रम उलटा करून दिला आहे. चित्रकला येण्याची अट नाही. एक रेघ आणि एक गोल काढता आला की पुरे. तोही वाकडा आला तर बिघडत नाही, उलट कामाला येतो. कसा ते पाचव्या टप्प्यात सांगते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. हा उपचार नाही. प्रशिक्षित कलोपचारकासोबत बसणं वेगळं आणि घरी एकट्यानं कागद घेऊन बसणं वेगळं. हा लेख दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. औषधं, तपासण्या, समुपदेशन जे चालू असेल ते चालूच ठेवायचं.

१. कागद हातात घेण्याआधी दोन प्रश्न

पहिला प्रश्न: हे कोण बघणार? फक्त मी, घरातलं एखादं माणूस, डॉक्टर की अनोळखी लोक? चौघांसाठी एकच चित्र चालत नाही. स्वतःसाठी काढताना दुखरा अंगठा डोक्याएवढा मोठा काढला तरी चालतो, कारण तो तसा जाणवतो. डॉक्टरांना मात्र दुखणं नेमकं कुठून कुठपर्यंत आहे ते कळायला हवं. दोन्ही गोष्टी एकाच कागदात कोंबल्या की तो कागद कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही. उत्तर ठरलं की कागदाच्या पाठीमागे पेन्सिलीनं लिहून ठेवा. काढता काढता प्रेक्षक बदलतो, आणि तो बदललाय हे आपल्याला कळतही नाही.

दुसरा प्रश्न: आजाराच्या कोणत्या भागाला सध्या हात लावता येईल? पुष्कळ जण थेट सगळ्यात वाईट दिवसापासून सुरुवात करतात: ऑपरेशनची रात्र, अतिदक्षता विभाग, निदान सांगितलं तो क्षण. तिथून सुरू करू नका. आठवल्यावर होणारा त्रास शून्य ते दहामध्ये मोजा आणि तीन-चारच्या आसपासचं काहीतरी घ्या. गोळ्यांचा डबा भरणं. लिफ्टची वाट बघणं. नऊ-दहाचे प्रसंग कुठे पळून जात नाहीत.

*सावधान:* चित्र काढताना जुना प्रसंग आत्ताच घडतोय असं वाटायला लागलं, श्वास चढला, हातपाय गार पडले, तर कागद उलटा करा, पाय जमिनीवर टेकवा आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या. तो विषय त्या दिवसापुरता बंद. स्वतःला इजा करण्याचे विचार आले तर चित्र पूर्ण होण्याची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांशी किंवा विश्वासातल्या माणसाशी बोला.

२. साहित्य: शरीराला झेपेल तेच

यादी मुद्दाम छोटी आहे. एक २बी आणि एक ६बी पेन्सिल, काळं बॉलपेन, बारा तेलखडूंची पेटी, ए५ मापाची साधी वही, वीसेक सुटे ए४ कागद, मास्किंग टेप, गोंदाची कांडी आणि फाडायला जुनी मासिकं. कॅनव्हास आणू नका. त्याच्या मोठेपणाचं आणि किमतीचं दडपण येतं आणि माणूस "चांगलं" चित्र काढायला लागतो.

साहित्य निवडताना आवडीच्या आधी आजाराचा विचार करा. इथे चुका होतात आणि त्या महागात पडतात.

दमा किंवा फुफ्फुसाचा त्रास असेल तर कोरडे खडू आणि कोळसा नको. त्यांची पूड उडते, आणि ती फुंकर मारून झटकायची सवय सगळ्यांना असते. तेलखडूंची पूड होत नाही. कोळशाचं चित्र टिकवण्यासाठी वापरतात तो फवारा दुसऱ्या कुणीतरी घराबाहेर नेऊन मारावा. ऑक्सिजन लावलेला असेल तर फवारा, टर्पेंटाइन, मेणबत्ती यातलं काहीही जवळपास आणायचं नाही; तिथे आग लागण्याचा धोका खरा असतो.

केमोथेरपीमुळे किंवा प्रत्यारोपणानंतरच्या औषधांमुळे प्रतिकारशक्ती उतरली असेल तर मातीकाम, वाळलेली पानंफुलं आणि चार दिवस तसंच राहिलेलं रंगाचं पाणी टाळा. ओलसर मातीत बुरशी असते, शिळ्या पाण्यात जंतू वाढतात. जलरंग वापरायचेच असतील तर दर वेळी ताजं पाणी घ्या, आणि आधी डॉक्टरांना एकदा विचारा. प्लेटलेट्स कमी असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कटर बाजूला ठेवा. बोटं बधिर असतील तरीही तेच. कापलेलं कळत नाही. कागद हातानं फाडा. फाटलेली कड कापलेल्या कडेपेक्षा बोलकीही असते.

मळमळीच्या दिवसांत वासाचे मार्कर आणि तेलरंग अजिबात नकोत. त्या वेळी त्रास होतो हे तर आहेच, शिवाय त्या वासाची आणि मळमळीची गाठ बसते. उपचार संपल्यावरही डबी उघडली की पोटात ढवळतं.

पकड कमी असेल तर पेन्सिलीला फोम किंवा क्रेप बँडेज गुंडाळून ती अंगठ्याएवढी जाड करा. उताणं पडून काढायचं असेल तर बॉलपेन दगा देतं, कारण टोक वर झालं की शाई खाली उतरत नाही, तिथे पेन्सिलच. मनगट चालत नसेल आणि खांदा चालत असेल तर लांब काठीच्या टोकाला खडू बांधा आणि भिंतीवर कागद लावा. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस यांच्या पोटावर १९४१ मध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या वर्षांत ते अंथरुणातून लांब काठीला कोळसा बांधून भिंतीवर रेखाटत, आणि रंगवलेले कागद कात्रीनं कापून मदतनीसाकडून हव्या त्या जागी टाचून घेत. मेक्सिकोच्या चित्रकार फ्रिडा काहलो यांनी अपघातानंतर अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत, पलंगाच्या वर लावलेल्या आरशात बघून स्वतःची चित्रं काढली. शरीरानं जी अडचण घातली तिच्यातूनच काम करण्याची पद्धत निघाली. सलाइन लागलेला हात असेल तर दुसऱ्या हातानं काढा. रेघ थरथरली तर थरथरू दे.

*तपासा:* सगळं साहित्य हात लांब न करता उचलता येतंय का? दोन मिनिटांत आवरून ठेवता येतंय का? नसेल तर निम्मं काढून टाका.

३. सात दिवस फक्त नोंद

या टप्प्याला सगळ्यात जास्त टाळाटाळ होते. आठवडाभर चित्र काढायचं नाही. ए५ वहीत रोज तीन ओळी लिहायच्या: वेळ, शरीरात काय झालं, आणि त्या वेळी हातात किंवा समोर कोणती वस्तू होती. लिहायचा कंटाळा येत असेल तर फोनवर बोलून ठेवा.

भावनांची नावं लिहायला बंदी. "फार निराश वाटलं" ही नोंद नाही, कारण तिच्यातून काही काढता येत नाही. माझ्या वहीतल्या दोन नोंदी देते:

"सकाळी ६.४०. पाण्याच्या बाटलीचं झाकण. तळहातानं दाबून फिरवलं, बोटं वळलीच नाहीत. शेवटी दातांनी."

"दुपारी ४. रिक्षातून उतरताना सुटे पैसे. नाणं बोटात धरलं होतं ते कळलं नाही, पडलं तेव्हा आवाजावरून कळलं."

पहिल्या दिवशी मीही "चिडचिड, हतबल" असंच लिहिलं होतं. ते वाचून आज मला काही आठवत नाही. झाकण मात्र आठवतं, त्याच्या कडेच्या बारीक खाचांसकट.

ज्या दिवशी काही दुखलं नाही त्या दिवसाचीही नोंद करा. सातही दिवस दुखण्याचेच भरले तर आजार आहे त्याहून मोठा दिसतो, आणि पुढे चित्रात सावली कुठे संपवायची ते कळत नाही.

*चूक:* ऐन कळ आलेली असताना चित्र काढायला बसणं. तेव्हा हात फक्त आपटतो. त्या क्षणी वेळ आणि एक शब्द एवढंच टिपा. बाकीचं शांत झाल्यावर.

४. एकच तुकडा उचला

सात दिवसांच्या नोंदी वाचा आणि ज्या नोंदीवर डोळा परत परत जातो ती निवडा. एकच. "माझा कर्करोगाशी लढा" हा विषय नाही, ते शीर्षक आहे. "इंजेक्शनच्या खोलीतल्या खुर्चीचा डावा हात" हा विषय आहे. संपूर्ण आजारपण एका चित्रात मांडायचा मोह झाला, की पुन्हा तडकलेलं हृदय आलंच म्हणून समजा.

५. शब्दाची खूण करा

हा टप्पा नीट केला तर पुढचं निम्मं काम झालेलं असतं. दुखण्यासाठी मराठीत एवढे शब्द आहेत की वेगळी यादी शोधायची गरज नाही. पण बोलताना आपण सगळ्याला "दुखतंय" म्हणून मोकळे होतो. तुमच्या नोंदीतल्या दुखण्याला नेमका शब्द शोधा आणि तो हातानं करून बघा. एका ए४ कागदाच्या घड्या घालून आठ रकाने करा. एका रकान्यात एक शब्द, ६बी पेन्सिल, चित्र काहीही नाही, फक्त खूण.

ठसठस लयीत असते, नाडीबरोबर. डाव्या हाताची बोटं गळ्याजवळच्या नाडीवर ठेवा आणि प्रत्येक ठोक्याला एक ठिपका द्या. ठणका त्याच कुळातला, पण जड: पेन्सिल उभी धरून दाबा आणि दोन ठोक्यांमध्ये जागा सोडा. कळ चढते, टोकाला जाऊन थांबते आणि उतरते; म्हणून एकच रेघ, हलक्या दाबापासून कागद फाटेल इतक्या दाबापर्यंत आणि परत. चमक किंवा सणक डोळ्याला दिसण्याआधी होऊन जाते, तेव्हा रेघही तशीच मारायची, न बघता, झटकन. रग लागते तिला काठ नसतो: पेन्सिल आडवी धरून घासा आणि बोटानं पसरवा, कुठे सुरू झाली ते सांगता येऊ नये. जडपणा म्हणजे थरावर थर, शिसं चमकायला लागेपर्यंत. गळून जाणं म्हणजे जोरात निघालेली आणि हळूहळू दाब सोडत कागदाच्या खालच्या कडेवरून घसरून गेलेली रेघ. हुळहुळणं मला सगळ्यात अवघड गेलं. शेवटी राखाडी घासलेल्या जागेवर खोडरबर नुसता टेकवून उचलला, तेव्हा जमलं.

इथली नेहमीची चूक म्हणजे शब्दातल्या उपमेचंच चित्र काढणं. मुंग्या आल्या म्हणून मुंग्या, आग होते म्हणून ज्वाळा, टोचतं म्हणून सुया. भाषेनं एकदा केलेली उपमा पुन्हा काढून तुमच्या शरीराबद्दल काही कळत नाही. तळपायाला येणाऱ्या मुंग्या सारख्या अंतरावर येतात की झुंडीनं? एका जागी राहतात की सरकतात? ते ठिपक्यांतून दाखवा.

आता वाकड्या गोलाचं सांगते. ताठरलेल्या बोटांसाठी मला खूण सापडेना. मग एका सकाळी औषध घेण्याआधी, दर अर्ध्या तासानं, त्याच पेन्सिलीनं एक गोल काढला. ६.३० ते ९, सहा गोल. साडेसहाचा गोल बंदच होत नाही; जिथे मनगट वळायला हवं तिथे त्याला कोपरे आलेत, तीन कोपरे. सातचाही तसाच. साडेसातच्या गोलाची सुरुवात आणि शेवट एकमेकांना चुकवून गेलेत. आठला तो बटाट्यासारखा आहे. साडेआठला मिटतो. नऊचा गोल कुणाचाही असू शकतो. माझ्या प्रकारच्या संधिवातात सकाळचा ताठरपणा तास-दोन तास टिकतो आणि हालचालीनं सैल होतो, हे मी डॉक्टरांना अनेकदा तोंडी सांगितलं होतं, आणि दर वेळी "थोडा वेळ जातो सकाळी" एवढंच तोंडातून निघायचं. तो कागद बघून त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "हे रोज नऊपर्यंत?"

हात थरथरत असेल, दृष्टी अंधुक असेल, दम लागत असेल, तर त्याच हातानं काढलेली तीच खूण वेगवेगळ्या वेळी काढून बघा. थरथर लपवायला पट्टी वापरू नका.

*तपासा:* आठ रकाने घरातल्या एखाद्याला दाखवा, शब्द झाकून. कोणता रकाना दुखरा, कोणता जड, कोणता झटक्याचा हे त्यांना ओळखता येतंय का? निम्मे ओळखले तरी खूण बोलते आहे.

६. रूप ठरवा

*शरीराचा नकाशा.* मोठ्या कागदावर झोपायचं आणि दुसऱ्यानं भोवतीनं रेघ मारायची. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीत एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांच्या गटानं अशा पूर्ण उंचीच्या आकृत्या रंगवल्या. त्यानंतर ही पद्धत पुष्कळ ठिकाणी वापरली जाऊ लागली. या पद्धतीतला एक भाग लोक वगळतात, तो वगळू नका: आपल्या आकृतीमागे आधार देणाऱ्या माणसाचीही बाह्यरेषा काढायची. झोपता येत नसेल तर हाताचा पंजा किंवा ए४वर छोटी आकृती पुरते. रेघ मारणाऱ्यानं आधी विचारावं, पेन उभं धरावं, अंगाला लावू नये.

इथे हमखास होणारी चूक डाव्या-उजव्याची. आपल्याकडे तोंड केलेल्या आकृतीत उजवा हात कागदाच्या डाव्या बाजूला येतो. पाठमोऱ्या आकृतीत तो उजव्याच बाजूला राहतो. आरशाची सवय असलेला माणूस इथे नक्की फसतो. काहीही भरण्याआधी दोन्ही आकृत्यांवर "उजवा" आणि "डावा" लिहा. मग न दुखणाऱ्या तीन जागा आधी भरा. दुखणाऱ्या जागांची पाळी त्यानंतर.

*वेळेची पट्टी.* जे झटक्यानं येतं आणि जातं, त्याला एक चित्र पुरत नाही. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे येणारी नागमोडी चमकती कड हे त्याचं उत्तम उदाहरण: नजरेच्या मध्याजवळ छोटी सुरू होते, कडेकडे मोठी होत जाते आणि साधारण पाच मिनिटं ते तासाभरात विरते. ह्यूबर्ट एअरी या वैद्यानं १८७० मध्ये स्वतःचा हा अनुभव प्रसिद्ध केला तेव्हा त्यानं एकच आकृती न देता कड कशी वाढत जाते ते टप्प्याटप्प्यानं रेखाटलं. तेच करा. आडवा कागद, पाच-सहा चौकटी, प्रत्येकीखाली मिनिटं. झटका चालू असताना फोनवर फक्त बोलून वेळ नोंदवा, काढा नंतर.

*वस्तू.* झाकण, नाणं, गोळ्यांचा डबा. वस्तू तुमच्या हाताला कशी भेटली तशी काढा: किती मोठी, किती लांब, किती निसरडी.

*कात्रणं.* हातात अजिबात जोर नसलेल्या दिवसांसाठी. रिपोर्ट आणि औषधांची वेष्टणं चिकटवायची असतील तर आधी दहावा टप्पा वाचा.

थकव्याबद्दल एक पोटप्रकार. थकवा रेखाटता येत नाही, पण मोजता येतो. कागदावर मोठा चौकोन आखा आणि तो एका रंगानं भरायला लागा. दमलात की थांबा. पुन्हा हात लावू नका. दुसऱ्या दिवशी शेजारी नवा चौकोन. आठवड्यानं सात अर्धवट चौकोनांची रांग तयार होते, आणि "तू दिसतेस तर बरी" म्हणणाऱ्यांना ती दाखवता येते.

७. चार छोटे चौकोन

मोठ्या कागदावर जाण्याआधी आगपेटीएवढे चार चौकोन काढा आणि चौघांत तोच तुकडा चार प्रकारे बसवा: खूप जवळून, लांबून, वरून आणि कडेला अर्धा कापलेला. प्रत्येकी दोन मिनिटं. पहिला चौकोन जवळजवळ नेहमीच फेकण्यासारखा असतो. तोच निवडायचा हट्ट करू नका.

८. मोठा कागद आणि शेवटी रंग

निवडलेली रचना ए४वर पेन्सिलीनं घ्या, पाचव्या टप्प्यातल्या खुणा त्यात आणा. रंग दुसऱ्या दिवशी. मधे एक रात्र जायला हवी.

रंग दोनच घ्या आणि ते नोंदीतून घ्या. दुखणं म्हणजे लाल, दुःख म्हणजे काळं, आशा म्हणजे पिवळं, ही सवय आहे, निरीक्षण नाही. तुमच्या आजारपणाला स्वतःचे रंग आहेत: जखमेभोवतीच्या आयोडीनचा तपकिरी, पडद्याचा विटका हिरवा, मनगटावरच्या पट्टीचा पांढरा. सलाइनच्या सुईचा तुकडा मापानुसार रंगीत असतो, २२ गेजचा निळा, २० गेजचा गुलाबी. महिनोन् महिने उपचार घेतलेल्या माणसाला तो निळा बरोबर ओळखू येतो. असा एक खरा रंग दहा प्रतीकांना पुरून उरतो.

कागद पूर्ण भरलाच पाहिजे असं नाही. चित्रकार पॉल क्ले यांना १९३५ पासून त्वचा ताठर करत जाणारा आजार जडला. शेवटच्या वर्षांतली त्यांची चित्रं जाड, मोजक्या रेषांची आहेत. हात जेवढं देतो तेवढ्यात चित्र बसवणं ही कमतरता समजू नका.

*सावधान:* स्टिरॉइडच्या मोठ्या डोसमध्ये झोप उडते आणि मन उगाचच वर जातं. मी एकदा रात्री दोन वाजता अकरा चित्रं काढली आणि प्रत्येक चित्र थोर वाटलं. डोस उतरल्यावर त्यातलं एक ठेवलं. त्या दिवसांत जरूर काढा. निवडू नका, फाडू नका, कुणाला पाठवू नका.

९. उठायचं कसं

बैठक वीस मिनिटांची. त्यातली शेवटची पाच आवरण्यासाठी. गजर लावा, आणि दमण्याआधी उठा. "एवढं संपवते" म्हटलं की दुसरा दिवस अंथरुणात जातो.

त्रासदायक अनुभव लिहून काढण्यावर १९८० च्या दशकापासून जे अभ्यास झाले त्यांत लोकांना पंधरा-वीस मिनिटं, सलग तीन-चार दिवस लिहायला सांगत. लिहून झाल्याझाल्या मन थोडं खाली जातं असं त्यांत वारंवार दिसलं. चित्राचंही तसं होऊ शकतं असं धरून चाला. म्हणून झोपायच्या आधी बसू नका, आणि बैठकीनंतर लगेच तपासणीची वेळ ठेवू नका. कागद उलटा ठेवा, हात धुवा, खोली बदला. उतरलेलं मन दोन-तीन दिवसांत वर आलं नाही, तर विषय बदला आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

१०. दाखवण्याआधी

डॉक्टरांसाठी एकच ए४ कागद न्या. खाली तीन ओळी: कुठे, किती वाजता किती वेळ, आणि त्यामुळे काय करता आलं नाही. वही पुढे करू नका, ती उलटायला तिथे वेळ नसतो. तपासणीच्या सुरुवातीलाच कागद द्या. दाराशी उठताना दिलेला कागद फाइलमध्ये जातो.

घरच्यांना दाखवताना आधी सांगा की तुम्हाला काय हवंय. "फक्त बघ, उपाय सुचवू नकोस" हे वाक्य उद्धट नाही. चित्रात सेवा करणारं माणूस असेल तर त्याला विचारल्याशिवाय ते बाहेर जाता कामा नये. नवऱ्याचा जांभई देतानाचा चेहरा मी काढला होता, मायेनंच. त्यांना तो आरोप वाटला.

अनोळखी लोकांपुढे ठेवायचं असेल तर दोन दिवस थांबा. रिपोर्ट किंवा चिठ्ठीची कात्रणं असतील तर नाव, रुग्ण क्रमांक, फोन आणि बारकोडचा भाग चिकटवण्याआधी कापून टाका. नुसतं पेननं काळं केलेलं उजेडात वाचता येतं. रुग्णालयात फोटो काढायचा तर आधी परवानगी, आणि चौकटीत दुसरा रुग्ण, त्याच्या खाटेवरची पाटी, मॉनिटरवरचं नाव येत नाही ना ते बघा.

"किती सकारात्मक आहात!" आणि "लवकर बऱ्या व्हा" असं येणारच. चित्र बरं होण्याबद्दल नसेल तर उत्तर आधी तयार ठेवा. मी लिहिते, "हे सकाळच्या साडेसहाचं आहे, इतकंच."

तेलखडूची चित्रं बटर पेपर मधे घालून सपाट ठेवा. गुंडाळी केली की खडू एकमेकांना लागतो. आणि प्रत्येक कागदाच्या पाठीमागे तारीख, वेळ, कोणता हात, औषध घेण्याआधी की नंतर, हे त्याच दिवशी लिहा. सहा गोलांच्या माझ्या कागदामागे वेळ आहे, हात आहे, औषधाचंही आहे. तारीख लिहायची राहिली, आणि डॉक्टरांनी नेमकी तीच विचारली.